नववीच्या वर्गाला एक चित्रपट पूर्ण पाहू द्या

मुंबईतील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि शालेय समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. घरातलं किंवा जवळचं माणूस गेल्यावर एकट्या पडलेल्या शाळकरी मुलाची गोष्ट सांगणारा एखादा चांगला स्वतंत्र मराठी चित्रपट येत्या दुसऱ्या सत्रात आपल्या नववीच्या मुलांना दाखवा. पूर्ण दाखवा, खोलीत नीट अंधार करून दाखवा आणि तो संपल्यावर मुलांना त्यावर काहीही लिहायला लावू नका. मागणी एवढीच आहे. ती का करते आहे हे मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण पहिल्यांदा ऐकताना "मुलांना असलं कशाला दाखवायचं?" हेच कुणाच्याही तोंडी येईल.

मी गिरणगावातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. नोकरीतली बहुतेक वर्षं नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे होते. त्या वयाच्या मुलाच्या घरी मृत्यू येतो तेव्हा शाळेत काय घडतं, ते आपणही पाहिलेलं आहे. मूल काही दिवस येत नाही. वर्गशिक्षक दोन-तीन मुलांना घेऊन घरी भेटून येतात. तेरावं झालं की मूल वर्गात परत येतं. मुलगा असेल आणि वडील गेले असतील, तर डोकं भादरलेलं, वर टोपी. प्रार्थनेच्या रांगेत एखादे नवे सर टोपी काढायला सांगतात, मग कुणीतरी त्यांच्या कानाशी लागतं, आणि सर पुढच्या रांगेकडे वळतात. बाकावर शेजारी बसणाऱ्याला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून तो आपली गणिताची वही सरकवतो. "हे बुडलेलं उतरवून घे." ते वही सरकवणं मला कायम फार मोलाचं वाटत आलं आहे. पण त्यापुढे कुणाकडेच काही नसतं. मुलांकडे नसतं, आम्हा शिक्षकांकडेही नसतं. घटक चाचणी तोंडावर आलेली असते.

घरी भेटायला येणारी माणसं त्या मुलाला काय सांगतात? "आता तूच घरातला कर्ता." "आईसमोर रडू नकोस बाळा, तिने कुणाकडे बघायचं?" आई गेलेल्या मुलीला सांगतात, "आता धाकट्याची आई तूच." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण चौदा वर्षांच्या जिवाला त्यातून एवढंच कळतं, की रडायची पाळी आपली नाही. मग ते दुःख भलत्याच वाटेने बाहेर पडतं. मूल मारामारी करतं, खोटं बोलतं, क्लास बुडवून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून राहतं, आईवर खेकसतं. कधी ऑफ तासाला इतकं खदाखदा हसतं की बाकीची मुलं चपापतात. शाळेत त्याची नोंद 'वर्तणूक' या सदरात होते. प्रगतिपुस्तकावर लाल शेरा पडतो आणि "वडिलांची सही घेऊन ये" असं सांगणारे कार्यालयातले कारकून चुकून कधी त्यालाच सांगून बसतात.

हे दोन-चार मुलांपुरतं आहे असं कृपा करून समजू नका. आपल्या शहराच्या उपनगरी रेल्वेमार्गावर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसं मेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून, फलाट आणि गाडीच्या फटीत सापडून. त्यातले कित्येक जण कामावर निघालेले किंवा कामावरून परतणारे, म्हणजे कुणाचे तरी आईवडील. आणि करोनाचं काय? २०२० आणि २०२१ मध्ये या मुंबईत माणूस ताप आला म्हणून रुग्णवाहिकेत बसून गेला, तो घरी आलाच नाही. देह प्लास्टिकमध्ये बांधून परस्पर स्मशानात गेले. लहान मुलांना कुणी चेहराही पाहू दिला नाही, दाखवण्याची सोयच नव्हती. दहावं-तेरावं कसंबसं उरकलं, किंवा झालंच नाही. तेव्हा जी मुलं आठ-नऊ-दहा वर्षांची होती ती आज आपल्या माध्यमिकच्या वर्गांत बसलेली आहेत. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. केंद्राने २०२१ मध्येच, वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख हाती येतील अशी योजना आणली. हे व्हायलाच हवं होतं आणि झालं ते चांगलं झालं. पण ज्या मुलाने बापाला शेवटचं रुग्णवाहिकेच्या काचेतून पाहिलं, त्याला त्या गोष्टीशी पुन्हा एकदा, सुरक्षित जागी, बरोबरीच्या मुलांच्या सोबतीने भेटू देणारं काय आहे आपल्याकडे?

म्हणून चित्रपट. आणि म्हणून त्या जातीचा चित्रपट, जो घाईत नसतो.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. वडील वारलेले, आईची नोकरी सरकारी, तिची कोकणात बदली होते, आणि अकरा वर्षांचा चिन्मय पुणं सोडून एका समुद्रकाठच्या गावात येऊन पडतो. या चित्रपटात वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग दाखवलेला नाही. मोठं रडणं नाही, फोटोला हार घालून हुंदके देणं नाही. पोराला नवी शाळा आवडत नाही. तो आईशी तुसडेपणाने वागतो. नव्या मित्रांबरोबर सायकलींवर किल्ल्यावर जातो, पाऊस कोसळायला लागतो आणि मित्र आपल्याला टाकून निघून गेले आहेत हे त्याच्या लक्षात येतं. बस, एवढंच घडतं. पण ज्याचं कुणी गेलं आहे त्या मुलाला त्या ओल्या भिंतींमध्ये काय वाटलं असेल हे सांगायला दुसरं काही लागतच नाही. एकदा जो टाकून गेला तो गेलाच, आता प्रत्येक जण तसाच जाणार, ही भीती. मित्रांवरचा त्याचा राग मित्रांवरचा नसतोच. हे समजावून सांगणारं एकही वाक्य चित्रपटात कुणी बोलत नाही, आणि तरी तेरा वर्षांच्या प्रेक्षकाला ते बरोबर कळतं.

कळतं, हे मी अंदाजाने म्हणत नाही. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर मिळालं. मुलांसाठीच्या त्या विभागातलं हे पारितोषिक मोठी माणसं देत नाहीत, ते मुलांचं परीक्षक मंडळ देतं. ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, कोकण कुठे आहे ठाऊक नाही, अशा मुलांनी परदेशात बसून चिन्मयला ओळखलं. त्याच वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला आणि २०१५ च्या जूनमध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत लागला. परळच्या, भांडुपच्या, चेंबूरच्या किती मुलांनी तो पाहिला असेल? त्यांच्याच भाषेतला, त्यांच्यातल्या कित्येकांच्या गावाकडच्या पावसातला चित्रपट.

दुसरा चित्रपट माझ्या जास्त जवळचा आहे. उमेश कुलकर्णी यांचा २००९ सालचा 'विहीर'. समीर आणि नचिकेत ही दोन किशोरवयीन भावंडं, एकमेकांचे जिवलग, एकमेकांना पत्रं लिहिणारी. नचिकेतला घरातल्या गोतावळ्यात, लग्नकार्याच्या धामधुमीत कुठेतरी निघून जावंसं वाटत असतं. मग एक दिवस तो विहिरीत जातो आणि समीर मागे राहतो. चित्रपटाचा उरलेला सगळा भाग समीरच्या शोधाचा आहे. तो दिसेल तिथे नचिकेतला शोधत राहतो, आणि अखेर घरातून निघूनच जातो. हा चित्रपट सावकाश चालतो. पहिल्या अर्ध्या तासात मुलं चुळबुळ करतील हे आधीच सांगून ठेवते. करू द्या. ती नंतर शांत होतात. शांत झालेल्या त्या वर्गातले चेहरे आपण पडद्याच्या उजेडात एकदा बघावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

नचिकेत हे नाव उगाच आलेलं नाही. कठोपनिषदातला नचिकेत हाही मुलगाच. बापाने रागाच्या भरात 'तुला मृत्यूला दिलं' म्हटल्यावर तो यमाच्या दारात तीन रात्री उपाशी ताटकळत बसला. यमाने तीन वर दिले. तिसऱ्या वराला नचिकेताने विचारलं, माणूस मेल्यावर काय होतं? यमाने त्याला टाळायचा केवढा प्रयत्न केला! हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे, पण हे विचारू नकोस. पोरगा हटला नाही. शेवटी यमाला उत्तर द्यावं लागलं. आज आपल्या घराघरांत तो पहिला, टाळाटाळीचा भाग रोज चालतो. नवा मोबाइल घे, सहलीला जाऊन ये, क्लास लाव, मन गुंतव. मुलगा प्रश्न घेऊन दारात बसलेला असतो, आणि त्याच्याशी बोलायला बसणारं कुणी नसतं.

आपली परंपरा अशी नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांनी शाळकरी वयात त्या पुस्तकावर डोळे पुसले. मरणाच्या दारी असलेली आई आणि तिच्यापर्यंत वेळेत न पोचलेला मुलगा, हे त्या पुस्तकाचं काळीज आहे. आचार्य अत्र्यांनी त्यावर केलेला १९५३ चा चित्रपट राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेऊन आला. शाळांनी तो मुलांना रांगा लावून नेऊन दाखवला. म्हणजे शाळेतल्या मुलांनी एकत्र बसून मृत्यूची गोष्ट बघण्यात आपल्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पुढे आपण त्या गोष्टीतून संस्कार तेवढे वेचून घेतले आणि श्यामचं दुःख बाजूला ठेवलं. परीक्षेत प्रश्न यायचा: 'श्यामच्या आईच्या स्वभावातील गुण लिहा.' श्यामला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे विचारायचं राहून गेलं.

आता आपल्या शंकांकडे येते. त्या मी शिक्षक-खोलीत ऐकलेल्याच आहेत.

पालक तक्रार करतील, घरात सगळं चांगलं असताना पोरांना अभद्र कशाला दाखवता म्हणतील. काही जण म्हणतीलच. त्यांना आधी पत्र पाठवा, चित्रपटाचं नाव आणि विषय लिहा. ज्यांना मुलाला पाठवायचं नसेल त्यांच्यावर सक्ती नको. चित्रपटाला मिळालेलं प्रमाणपत्रही त्या पत्रात नमूद करा. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे वेगळे गट आले आहेत, त्यामुळे नव्या चित्रपटांच्या बाबतीत पालकांना समजावणं पूर्वीपेक्षा सोपं आहे.

अभ्यासक्रम मागे पडेल म्हणाल, तर दोन तासांचाच प्रश्न आहे. त्यावर मी जास्त बोलत नाही.

तिसरी शंका खरी आणि गंभीर आहे. वर्गात नुकतंच कुणाचं माणूस गेलेलं असेल आणि ते मूल चित्रपट पाहताना कोसळलं तर? याची तयारी करायलाच हवी. ज्या मुलांच्या घरी असं घडलं आहे ती वर्गशिक्षकांना माहीत असतात. त्यांच्याशी दोन दिवस आधी एकेकट्याने बोला. गोष्ट काय आहे ते सांगा. नको असेल तर येऊ नकोस, आलास तर दाराजवळ बस, मध्येच उठावंसं वाटलं तर ऊठ, कुणी विचारणार नाही. त्या मुलाचा ज्या बाईंवर किंवा सरांवर जीव आहे ते त्या दिवशी सभागृहात मागे बसलेले असू देत. शाळेला समुपदेशक असतील तर त्यांना बोलवा. नसतील तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक बाहेरच्या फलकावर लावून ठेवा, त्यावर मराठीतही बोलता येतं. आणि एखादं मूल रडलंच, तर ते रडण्यासारखं आहे म्हणूनच रडतं आहे. त्याला पाणी द्या, जवळ बसा. "रडू नकोस" तेवढं म्हणू नका.

कुणी विचारेल, हे घरी पालकांनी दाखवावं, शाळेचं काय काम? घरी ते होत नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटांसाठी दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत खेळ देण्याचं बंधन घातलं, त्यावर केवढा वादही झाला. पण वेळ चांगली मिळाली तरी, चौघांच्या तिकिटांचे आणि खाण्याचे पैसे मोजून रविवारी मुलाला दुःखाच्या चित्रपटाला कोण नेणार? आणि घरातच कुणी गेलेलं असेल तर आई आणि मुलगा शेजारी बसून असा चित्रपट पाहूच शकत नाहीत, दोघंही एकमेकांना सांभाळत बसतात. वर्गमित्रांच्या घोळक्यात, अंधारात, कुणी आपल्याकडे बघत नसताना ते जमतं. शिवाय ज्यांचं कुणी गेलेलं नाही त्या चाळीस-पन्नास मुलांनाही तो पाहायला हवा. उद्या टोपी घालून परत येणाऱ्या मित्राला वही सरकवल्यानंतर आणखी काय करता येतं, हे त्यांना कुठेतरी दिसायला हवं.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेचं. वर्गातल्या स्मार्ट बोर्डावर, दिवे चालू ठेवून, दोन तासिकांमध्ये तोडून दाखवणार असाल तर न दाखवलेलंच बरं. अर्ध्यावर घंटा झाली आणि मुलं पीटीला गेली, की सगळं वाया जातं. सभागृह घ्या, खिडक्यांना जाड पडदे लावा, आवाजाची व्यवस्था चांगली असू द्या, कारण या चित्रपटांत पाऊस, समुद्र आणि माणसांचं गप्प राहणं हे ऐकूच यावं लागतं. कुणाचं तरी घरगुती ओटीटी खातं उघडून लावून देऊ नका. निर्मात्यांकडे शाळेतल्या खेळाची रीतसर परवानगी मागा. स्वतंत्र चित्रपट थोड्या पैशांत, वर्षानुवर्षं खस्ता खाऊन उभे राहतात. पत्र पाठवताना शाळेची आर्थिक स्थिती मोकळेपणाने लिहा, म्हणजे परवडेल अशा रकमेवर बोलणी करता येतात. कुठला चित्रपट निवडावा याबद्दल सल्ला हवा असेल तर १९६८ पासून मुंबईत काम करणारं प्रभात चित्र मंडळ आहे. चित्रपट कसा पाहावा हे त्यांनी या शहरातल्या कितीतरी माणसांना शिकवलं, मीही त्यांतलीच एक. मुलांचे चित्रपट बनवण्यासाठी १९५५ मध्ये स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तिचे जुने चित्रपटही आता त्यांच्याकडेच विचारावे लागतात.

निवड करताना एकच गोष्ट तपासा. चित्रपटातलं मूल शेवटी 'सावरलं' पाहिजे, पहिला नंबर काढून बापाच्या फोटोसमोर पेढे ठेवले पाहिजेत, असा हट्ट धरू नका. तसले चित्रपट भरपूर आहेत. ते दुःखात असलेल्या मुलाला एक नवीन गृहपाठ देतात, इतक्या दिवसांत बरं होऊन दाखव म्हणून. 'किल्ला'च्या शेवटी चिन्मय सुखी झालेला नाही. त्याचा जीव तिथे रमू लागतो आणि आईची पुन्हा बदली होते. पण आता त्याला निरोप घेता येतो. वडिलांच्या वेळी ते जमलेलं नव्हतं. चौदाव्या वर्षी इतकं दिसलं तरी पुष्कळ आहे.

चित्रपट संपल्यावर नावं पडद्यावर सरकत असताना दिवे लावायची घाई करू नका. तात्पर्य विचारू नका, निबंध नको, प्रकल्पवही नको, 'तुम्हाला काय शिकायला मिळालं' तर नकोच. ज्याला बसून राहायचं आहे त्याला बसू द्या, ज्याला बाहेर पळायचं आहे त्याला पळू द्या. बोलणारं मूल कदाचित त्या दिवशी बोलणार नाही. ते आठवड्याने, भलत्याच वेळी, तपासलेल्या वह्या न्यायला आलेलं असताना बोलेल. तेवढ्यासाठी त्या आठवड्यात शिक्षकांना थोडी उसंत द्या. ऑफ तासाला दुसऱ्या वर्गावर पाठवू नका.

डिसेंबरात बहुतेक शाळांची स्नेहसंमेलनं असतात. तेव्हा सभागृहाला पडदे लागलेलेच असतात आणि ध्वनियंत्रणा भाड्याने आणलेली असते. ते भाडं एका दिवसाने वाढवून घ्या आणि संमेलनाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ नववीसाठी ठेवा. निर्मात्यांची परवानगी यायला वेळ लागतो, तेव्हा त्यांना लिहायचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी गेलेलं बरं. मजकूर तयार करायला किंवा त्या सकाळी मागच्या रांगेत बसायला कुणी हवं असेल, तर मला बोलवा. दादरपासून मुलुंडपर्यंत कुठेही येईन.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
परळ, मुंबई